कॉलेजचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर, हातात मॅकबुक : आता काय करायचं?

इंजिनिअरिंग, डिप्लोमा, बीसीए, बीकॉम, कुठेही अ‍ॅडमिशन झालं की घरात लॅपटॉपचा विषय निघतोच. मॅकबुक एअरला वजन कमी, फॅनचा आवाज नाही, बॅटरी दिवसभर पुरते. त्यामुळे बरेच जण तेच घेतात. पहिले दोन महिने मजेत जातात. मग लॅबचं मॅन्युअल हातात येतं आणि त्यात सॉलिडवर्क्स, कील, स्टॅड प्रो, टॅली अशी नावं दिसतात. डाउनलोडच्या पानावर गेलं तर मॅकचं बटणच नसतं.

अशा वेळी दोन टोकाचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, "विकून टाक, विंडोज घे." दुसरा म्हणतो, "टेन्शन नको, मॅकवर सगळं चालतं." दोन्ही अर्धवट आहेत. काही सॉफ्टवेअर मॅकवर झकास चालतं, काही जुगाड करून चालतं आणि काही अजिबात चालत नाही. तुमच्या विषयाचं सॉफ्टवेअर यातलं कुठलं, हे सेमिस्टरच्या सुरुवातीलाच कळलं पाहिजे. सबमिशनच्या आदल्या रात्री कळून उपयोग नाही. हा लेख त्यासाठीच आहे.

अडचण एक नाही, दोन आहेत

पहिली अडचण ऑपरेटिंग सिस्टिमची. विंडोजचं सॉफ्टवेअर खिडकी उघडायला, फाईल सेव्ह करायला, प्रिंट काढायला विंडोजच्या आतल्या सोयी वापरतं. मॅकओएसमध्ये त्या सोयी नसतात. म्हणून डॉट ईएक्सई फाईलवर डबल क्लिक केलं तरी मॅक ती उघडत नाही.

दुसरी अडचण चिपची. लॅबमधल्या पीसीत इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर असतो. त्याची भाषा एक्स८६. नोव्हेंबर २०२० मध्ये अ‍ॅपलने एम१ चिप आणली आणि पुढे २०२३ पर्यंत सगळे मॅक स्वतःच्या चिपवर नेले. या चिपची भाषा आर्म. म्हणजे मॅकवर विंडोज बसवलं तरी ते आर्मवालं विंडोज असतं आणि एक्स८६ साठी बनवलेलं सॉफ्टवेअर त्याला भाषांतर करत करत चालवावं लागतं.

यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ बघून गोंधळ होतो तो इथेच. त्यात बूट कॅम्प वापरून मॅकवर विंडोज बसवलेलं दिसतं. बूट कॅम्प २००६ मध्ये आलं आणि इंटेलच्या मॅकवर छान चालायचं. अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवर ते चालतच नाही.

तुमचा मॅक कुठला ते बघा : वर डाव्या कोपऱ्यातल्या सफरचंदावर क्लिक करा आणि 'अबाउट धिस मॅक' उघडा. चिपपुढे एम१, एम२, एम३, एम४ असं काही लिहिलं असेल तर अ‍ॅपलची चिप. प्रोसेसरपुढे इंटेल लिहिलं असेल तर जुना मॅक. सेकंडहॅंड घेताना हे आवर्जून तपासा. इंटेलच्या मॅकवर बूट कॅम्प मिळतं खरं, पण मॅकओएस टाहो हे इंटेल मॅकसाठी शेवटचं व्हर्जन असल्याचं अ‍ॅपलने २०२५ मध्ये जाहीर केलं आहे. चार वर्षांच्या डिग्रीसाठी आज इंटेलचा मॅक घेण्यात अर्थ नाही.

सहा रस्ते, सोप्यापासून अवघडापर्यंत

१. मॅकचं व्हर्जन आहे का ते आधी शोधा. मॅटलॅबचं अ‍ॅपल चिपसाठी खास व्हर्जन आर२०२३बी पासून आहे. ऑटोकॅडचं मॅक व्हर्जन आहे. एलटीस्पाइस, कायकॅड, अर्डुइनो आयडीई, एमपीलॅब एक्स, एसटीएम३२क्यूब आयडीई, अँड्रॉइड स्टुडिओ, टॅब्लो, ब्लेंडर हे सगळं मॅकवर मिळतं. लॅबमध्ये विंडोज दिसतं म्हणून ते सॉफ्टवेअर फक्त विंडोजचंच असेल असं धरून चालू नका.

२. ब्राउझरमध्ये चालणारं काही आहे का ते बघा. मॅटलॅब ऑनलाइन, गुगल कोलॅब, थ्रीडी डिझाइनसाठी ऑनशेप, व्हेरिलॉगसाठी ईडीए प्लेग्राउंड. यात काही बसवावं लागत नाही आणि मॅक की विंडोज हा प्रश्नच उरत नाही.

३. डॉसबॉक्स वापरा. हे फक्त जुन्या डॉसवाल्या प्रोग्रॅमसाठी, पण आपल्याकडे ते अजून बरेच आहेत. खाली टर्बो सीचा भाग बघा.

४. वाइन किंवा क्रॉसओव्हर. वाइन हा १९९३ पासून चालू असलेला मोफत प्रोजेक्ट आहे. पूर्ण विंडोज न बसवता विंडोजच्या सोयींची नक्कल तो पुरवतो. क्रॉसओव्हर हे त्याचंच सोपं केलेलं, पैसे देऊन घ्यायचं रूप. छोटी, जुनी सॉफ्टवेअर यात बरी चालतात. मोठी लायसन्सवाली सॉफ्टवेअर बहुतेक इन्स्टॉल होतानाच अडखळतात. आणि अ‍ॅपल चिपवर हे दोन्ही रोझेटा २ या अ‍ॅपलच्या भाषांतर करणाऱ्या सोयीवर चालतात. ती सोय पूर्ण स्वरूपात मॅकओएस २७ पर्यंतच राहील, असं अ‍ॅपलने सांगितलं आहे. त्यामुळे फक्त यावर विसंबून पुढच्या चार वर्षांचा प्लॅन करू नका.

५. व्हर्च्युअल मशीन. मॅकच्या आत एका खिडकीत पूर्ण विंडोज ११ चालवायचं. बहुतेकांचं काम इथे होतं. सविस्तर पुढे आहे.

६. रिमोट डेस्कटॉप. विंडोज दुसऱ्या मशीनवर चालतं, तुम्ही मॅकवरून ते फक्त बघता आणि वापरता. घरी जुना विंडोज पीसी असेल तर तो चालू ठेवून क्रोम रिमोट डेस्कटॉप किंवा एनीडेस्कने हॉस्टेलवरून वापरता येतो. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप वापरायचं तर समोरच्या पीसीवर विंडोजचं प्रो एडिशन लागतं, होम चालत नाही. इंटरनेट बरं हवं आणि लाईट गेली की कामही थांबतं. पण जड सॉफ्टवेअरसाठी हा रस्ता व्हर्च्युअल मशीनपेक्षा चांगला ठरतो, कारण समोर खरा एक्स८६ पीसी असतो. काही कॉलेजं लॅबच्या सर्व्हरला बाहेरून जोडायची सोय देतात. लॅब असिस्टंटला विचारून बघा.

व्हर्च्युअल मशीन : काय लागतं?

अ‍ॅपल चिपवर तीन पर्याय जास्त वापरले जातात.

पॅरलल्स डेस्कटॉप : सगळ्यात सोपं. विंडोज स्वतःच डाउनलोड करून बसवतं. अ‍ॅपल चिपच्या मॅकवर विंडोज ११ चं आर्म व्हर्जन पॅरलल्समधून चालवायला मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२३ मध्ये अधिकृत मान्यता दिली. ती प्रो आणि एंटरप्राइज या एडिशनसाठी आहे. पॅरलल्सला पैसे भरावे लागतात. विद्यार्थ्यांना सवलत आणि १४ दिवसांची ट्रायल मिळते.

व्हीएमवेअर फ्यूजन : नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्यांसाठी मोफत. डाउनलोड करायला ब्रॉडकॉमच्या साइटवर खातं उघडावं लागतं. सेटअपला पॅरलल्सपेक्षा थोडा जास्त वेळ जातो, पण खिशावर भार नाही.

यूटीएम : मोफत आणि ओपन सोर्स. विंडोजसाठी वरच्या दोघांपेक्षा हळू वाटतं. पण याच्याकडे एक गोष्ट खास आहे. हे वेगळ्या चिपचीही नक्कल करू शकतं. त्याचा उपयोग पुढे असेंब्लीच्या भागात येईल.

विंडोज ११ ची आर्मसाठीची आयएसओ फाईल आता थेट मायक्रोसॉफ्टच्या साइटवर मिळते. टेलिग्रामवरच्या लिंकवरून घ्यायची गरज नाही.

लायसन्सचं काय? पॅरलल्सचे पैसे वेगळे, विंडोजच्या लायसन्सचे वेगळे. तीन-चारशे रुपयांत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या 'लाइफटाइम की' विश्वासाच्या नसतात. त्याऐवजी कॉलेजच्या कम्प्युटर विभागात विचारा. बऱ्याच कॉलेजांचा मायक्रोसॉफ्टशी करार असतो आणि त्यात विद्यार्थ्यांना काही सॉफ्टवेअर मोफत मिळतं. विद्यार्थ्यांना ते माहीतच नसतं.

रॅम आणि जागा : विंडोज ११ ला स्वतःलाच किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. तुमचा मॅक ८ जीबीचा असेल तर विंडोजला ४ जीबी दिल्यावर मॅककडे ४ जीबीच उरते. अशा वेळी क्रोमचे पंधरा टॅब बंद करूनच विंडोज सुरू करा. १६ जीबी असेल तर विंडोजला ६ ते ८ जीबी द्या, आरामात चालतं. ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी अ‍ॅपलने मॅकबुक एअरची किमान रॅम १६ जीबी केली. त्याआधीच्या स्वस्तातल्या मॉडेलमध्ये ८ जीबीच असते आणि मॅकबुकची रॅम नंतर वाढवता येत नाही. २५६ जीबीच्या मॅकमध्ये जागा कमी पडली तर व्हर्च्युअल मशीन चांगल्या एक्स्टर्नल एसएसडीवर ठेवता येतं. पेनड्राइव्हवर ठेवू नका, अतिशय हळू चालेल.

विंडोज बसलं की एवढं करा :

• प्रोजेक्टच्या फाईल विंडोजच्या सी ड्राइव्हमध्येच ठेवा. मॅकचं शेअर केलेलं फोल्डर विंडोजला नेटवर्क ड्राइव्हसारखं दिसतं आणि तिथून बिल्ड करताना काही सॉफ्टवेअर एरर देतात.
• फोल्डरच्या नावात स्पेस आणि देवनागरी अक्षरं टाळा. जुन्या कंपायलरना ती झेपत नाहीत.
• सगळं नीट चाललं की एक स्नॅपशॉट घेऊन ठेवा. काही बिघडलं तर दोन मिनिटांत त्या अवस्थेला परत जाता येतं.
• सबमिशनच्या आठवड्यात विंडोज अपडेट थांबवून ठेवा.

कुठे अडतं?

आर्मवालं विंडोज ११ एक्स८६ ची ३२-बिट आणि ६४-बिट दोन्ही सॉफ्टवेअर भाषांतर करून चालवतं. साधी सॉफ्टवेअर चालतात आणि फरक जाणवतही नाही. पण चार जागी हमखास अडतं.

ड्रायव्हर : भाषांतर फक्त अ‍ॅपचं होतं, ड्रायव्हरचं होत नाही. ड्रायव्हर आर्मसाठीच बनवलेला हवा. लॅबमधला जुना यूएसबी प्रोग्रॅमर, डेटा घेणारं कार्ड, लायसन्सचा यूएसबी डोंगल यांचे आर्म ड्रायव्हर बहुतेक वेळा नसतात. सॉफ्टवेअर उघडतं, पण "डिव्हाइस नॉट फाउंड" येतं. वायर बदलून फायदा नसतो.

व्हर्च्युअल मशीनच्या आत व्हर्च्युअल मशीन : अशा विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल २, हायपर-व्ही, विंडोज सँडबॉक्स चालत नाहीत. लिनक्स हवं असेल तर विंडोजच्या आत बसवू नका. मॅकवर त्याचं वेगळं व्हर्च्युअल मशीन करा.

जड ग्राफिक्स : मोठी असेंब्ली, रेंडरिंग, सिम्युलेशन यात व्हर्च्युअल मशीनला खऱ्या ग्राफिक्स कार्डाची सर येत नाही. छोटा पार्ट फिरतो, शंभर पार्टची असेंब्ली अडकते.

ऑनलाइन परीक्षा : परीक्षेची बरीच सॉफ्टवेअर व्हर्च्युअल मशीन ओळखतात आणि चालायला नकार देतात. सेफ एक्झाम ब्राउझर त्यातलंच एक. त्याचं मॅकसाठी वेगळं व्हर्जन आहे, ते वापरा. पण तुमच्या परीक्षेत मॅकला परवानगी आहे का, हे आधी लेखी विचारा. परीक्षेच्या दिवशी सकाळी हे कळलं तर कोणीच मदत करू शकत नाही.

कुठल्या विषयाला काय?

टर्बो सी++ : पहिल्या वर्षाला अजून बऱ्याच ठिकाणी हीच निळी स्क्रीन असते. हा डॉसचा प्रोग्रॅम आहे. आजच्या ६४-बिट विंडोजवरही तो थेट चालत नाही. विंडोजसाठी जे 'टर्बो सी' डाउनलोड होतं, त्याच्या पोटात डॉसबॉक्सच असतो. तोच डॉसबॉक्स मॅकवर मोफत मिळतो. म्हणजे इथे तुम्ही मित्रांच्या एक पाऊलही मागे नाही. फक्त प्रोग्रॅम शिकायचा असेल तर मॅकवर एक्सकोडची कमांड लाइन टूल्स बसवा. त्यात कंपायलर येतो. मात्र स्क्रीन पुसायचं 'सीएलआरएससीआर' आणि ग्राफिक्सची हेडर फाईल आधुनिक कंपायलरमध्ये नसते. कोडिंग स्पर्धेसाठी 'बिट्स'वाली सर्वसमावेशक हेडर फाईल वापरत असाल तर तीही मॅकच्या कंपायलरमध्ये नाही. होमब्रूमधून खरा जीसीसी बसवा, मग ती मिळते.

मायक्रोप्रोसेसर आणि असेंब्ली : ८०८६ साठी मॅझम किंवा टॅझम असेल तर डॉसबॉक्समध्ये चालतं. पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नमध्ये कम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला एक्स८६ ची ६४-बिट असेंब्ली आहे. ती लिनक्सवर नॅझम वापरून करतात. इथे फसगत होते. अ‍ॅपल चिपवर आर्मवालं उबंटू बसवलं तर एक्स८६ चा प्रोग्रॅम त्यावर चालणार नाही. यूटीएममध्ये नवीन मशीन करताना 'व्हर्च्युअलाइझ' न निवडता 'इम्युलेट' निवडा आणि एक्स८६ चं, डेस्कटॉप नसलेलं हलकं लिनक्स बसवा. हळू असतं, पण वीस-पंचवीस ओळींच्या प्रोग्रॅमला पुरतं.

८०५१ आणि एम्बेडेड : कील मायक्रोव्हिजन फक्त विंडोजचं. आर्म विंडोजवर त्याचा सिम्युलेटर सहसा चालतो, बोर्डवर प्रोग्रॅम टाकायच्या वेळी ड्रायव्हर अडतो. शिवाय मोफत व्हर्जनमध्ये ८०५१ साठी २ केबी कोडची मर्यादा आहे, ती विंडोजवाल्यांनाही असते. मॅकवर थेट करायचं तर एसडीसीसी हा मोफत कंपायलर आहे. त्यात पोर्टच्या एकेका पिनला नाव द्यायची पद्धत कीलपेक्षा वेगळी आहे, त्यामुळे मॅन्युअलमधला कोड जसाच्या तसा चालत नाही. सराव मॅकवर करा, बोर्डवरचं काम लॅबमध्ये. अर्डुइनोला मात्र मॅकवर काहीच अडचण नाही.

व्हीएलएसआय : झायलिंक्सचं व्हिवाडो विंडोज आणि लिनक्सवर आहे, मॅकवर नाही. व्हेरिलॉगच्या सिम्युलेशनसाठी आयकारस व्हेरिलॉग आणि वेव्हफॉर्म बघायला जीटीकेवेव्ह मॅकवर चालतात. एफपीजीए बोर्डवर टाकायचं काम लॅबमध्येच करायचं असं ठरवून टाका.

सर्किट : प्रोटियस आणि मल्टिसिम विंडोजचे. सर चालवून घेत असतील तर एलटीस्पाइस आणि कायकॅड वापरा. पण प्रोटियसमध्ये मायक्रोकंट्रोलरसकट पूर्ण सर्किट चालवून दाखवता येतं, ते या दोघांत तसं होत नाही.

मेकॅनिकल : सॉलिडवर्क्स, कॅटिया, क्रिओ विंडोजवर. सॉलिडवर्क्स बनवणारी कंपनी मॅकवर सपोर्ट देत नाही. कोणाच्या मॅकवर चाललं, म्हणून तुमच्या प्रोजेक्टच्या वेळी चालेलच असं नाही. ऑटोडेस्क फ्यूजन मॅकवर नीट चालतं आणि विद्यार्थ्यांना ते मोफत मिळतं. पण एक अडचण लक्षात ठेवा. फ्यूजनमधून स्टेप फाईल काढून सॉलिडवर्क्समध्ये उघडली की आकार येतो, पण तो कसा बनवला याची फीचर ट्री येत नाही. सरांना ट्री बघायची असेल तर ही फाईल चालणार नाही. अ‍ॅन्सिसचं विद्यार्थ्यांसाठीचं मोफत व्हर्जनही फक्त विंडोजवर आहे.

सिव्हिल आणि आर्किटेक्चर : स्टॅड प्रो, ईटॅब्स, रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स विंडोजवर. ऑटोकॅड, स्केचअप आणि रायनो मॅकवर आहेत. मॅकच्या ऑटोकॅडमध्ये काही मेनू आणि सोयी कमी आहेत. ड्रॉइंग देताना ते लॅबमधल्या जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह करून द्या, नाहीतर तिथे उघडणार नाही.

प्रोग्रॅमिंग आणि डेटाबेस : जावा, पायथन, वेब, मायएसक्यूएल यात मॅक उत्तम. डिप्लोमा आणि बीसीएला व्हीबी डॉट नेट असेल तर त्याचे विंडोज फॉर्म्स मॅकवर बनत नाहीत आणि व्हिज्युअल स्टुडिओचं मॅक व्हर्जन ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झालं. पण व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ आर्म विंडोजसाठी मूळ रूपातच आहे, त्यामुळे व्हर्च्युअल मशीनमध्ये छान चालतं. मशीन लर्निंगसाठी एनव्हिडियाचं कुडा मॅकवर चालत नाही. तिथे गुगल कोलॅब वापरा.

कॉमर्स आणि मॅनेजमेंट : टॅलीप्राइम फक्त विंडोजवर. शिकण्यासाठी त्याचा एज्युकेशनल मोड मोफत आहे. त्यात महिन्याची पहिली, दुसरी आणि शेवटचीच तारीख टाकता येते. तारीख घेत नाही म्हणून मॅकला दोष देऊ नका. मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस मॅकच्या ऑफिसमध्ये नाही. मॅकच्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालतात, सॉल्व्हर आहे, पण पॉवर पिव्हट नाही आणि अ‍ॅक्टिव्हएक्सची बटणं चालत नाहीत. पॉवर बीआय डेस्कटॉप फक्त विंडोजवर, व्हर्च्युअल मशीनमध्ये सहसा चालतं.

फाईलची देवाणघेवाण

सरांनी दिलेला पेनड्राइव्ह एनटीएफएस फॉरमॅटचा असेल तर मॅक त्यातलं वाचतो, पण त्यात काही लिहू शकत नाही. पेनड्राइव्ह बिघडलेला नसतो. स्वतःचा पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून ठेवा, तो दोन्हीकडे चालतो. फॉरमॅट करण्याआधी आतला डेटा काढून घ्या.

रिपोर्ट पेजेसमध्ये नाही, वर्डमध्ये करा. प्रिंटला जाताना पीडीएफ न्या. रिपोर्टमध्ये मराठी मजकूर असेल तर हे जास्तच महत्त्वाचं आहे, कारण मॅकवरचा देवनागरी फॉन्ट झेरॉक्सच्या दुकानातल्या पीसीवर नसतो आणि पानांची मांडणी सरकते. ऑफिसातून कृतिदेव किंवा श्रीलिपीतली फाईल आली तर तो फॉन्ट असल्याशिवाय मॅकवर अगम्य अक्षरंच दिसतील. त्यांच्याकडून पीडीएफ मागून घ्या.

अजून घेतला नसेल तर

लाखाच्या आसपासचा खर्च आहे. बऱ्याच घरांत तो हप्त्यावर होतो. म्हणून दुकानात जाण्याआधी कॉलेजातल्या सीनियरला किंवा विभागातल्या मॅडम-सरांना हे पाच प्रश्न विचारा :

१. पुढच्या चार वर्षांच्या लॅबमध्ये कुठली सॉफ्टवेअर आहेत? त्यांची यादी मिळेल का?
२. सिलॅबसमध्ये ठरावीक सॉफ्टवेअरचं नाव आहे, की "योग्य ते कोणतंही सॉफ्टवेअर" असं लिहिलंय?
३. सबमिशन प्रिंटवर, पीडीएफवर, की मूळ फाईलवर?
४. प्रॅक्टिकल परीक्षा लॅबच्या पीसीवर होते, की स्वतःच्या लॅपटॉपवर?
५. लॅब संध्याकाळी आणि सुट्टीत उघडी असते का?

चौथ्या आणि पाचव्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. परीक्षा लॅबच्या पीसीवर असेल आणि लॅब संध्याकाळपर्यंत उघडी असेल, तर मॅक असूनही तुमचं फारसं अडणार नाही. लॅब चारला बंद होत असेल आणि सगळा सराव घरीच करायचा असेल, तर हिशोब बदलतो.

शाखेप्रमाणे ढोबळ मत असं : कम्प्युटर, आयटी, डेटा सायन्स असेल तर मॅक बिनधास्त घ्या, १६ जीबी रॅमचा. ईएनटीसी असेल तर मॅक चालेल, पण लॅबवर अवलंबून राहायची तयारी ठेवा. मेकॅनिकल, सिव्हिल, आर्किटेक्चर असेल तर चांगल्या ग्राफिक्स कार्डाचा विंडोज लॅपटॉप घ्या. इथे मॅकचा हट्ट पुढे महागात पडतो. फक्त टॅली आणि एक्सेल शिकायचं असेल तर त्याच्या निम्म्या किमतीतला विंडोज लॅपटॉप पुरेसा आहे.

आधीच घेतला असेल तर

विकायची घाई करू नका. या क्रमाने जा :

• चालू सेमिस्टरच्या सॉफ्टवेअरची यादी करा आणि प्रत्येकापुढे लिहा : मॅकवर थेट, ब्राउझरमध्ये, व्हर्च्युअल मशीनमध्ये, की फक्त लॅबमध्ये.
• 'फक्त लॅबमध्ये' या रकान्यात एक-दोनच नावं असतील तर लॅबचा वेळ ठरवून घ्या. पर्यायी सॉफ्टवेअर चालेल का ते सरांना पहिल्याच आठवड्यात विचारा. सबमिशन तोंडावर आल्यावर विचारलं तर ती सबब वाटते.
• त्या रकान्यात चार-पाच नावं असतील तर घरचा जुना पीसी रिमोटने वापरा किंवा दोघा-तिघांत मिळून एक सेकंडहॅंड विंडोज मशीन घ्या.
• पॅरलल्सचे पैसे भरण्याआधी ट्रायलमध्ये तुमचं खरं सॉफ्टवेअर बसवून, एक पूर्ण प्रॅक्टिकल शेवटपर्यंत करून बघा. नुसतं उघडलं म्हणजे चाललं असं नाही. सेव्ह, सिम्युलेट, प्रिंट, सगळं बघा.
• परीक्षेआधी निदान दोन प्रॅक्टिकल लॅबच्या पीसीवर करा. मॅकवर कमांड बटणाची सवय लागलेली बोटं कंट्रोल शोधण्यात वेळ घालवतात आणि परीक्षेत घड्याळ कोणासाठी थांबत नाही.

सॉफ्टवेअरची व्हर्जन आणि नियम बदलत राहतात. म्हणून इन्स्टॉल करण्याआधी त्या सॉफ्टवेअरच्या साइटवरची 'सिस्टिम रिक्वायरमेंट्स' एकदा वाचा. त्यात तीन गोष्टी शोधा : मॅकओएसचं नाव आहे का, आर्म विंडोजबद्दल काही लिहिलंय का आणि व्हर्च्युअल मशीनला सपोर्ट आहे का. एवढं वाचायला पाच मिनिटं लागतात, आणि ती सेमिस्टरच्या पहिल्याच आठवड्यात काढा.